किड्याचा शोध

मराठीत ‘डोक्यात किडा वळवळणे’ असा एक वाक्प्रचार आहे. शंका एकदा मनात शिरली की ती माणसाला स्वस्थ बसू देत नाही. ती दिसत नाही, चिमटीत पकडता येत नाही, पण आतून पोखरत राहते. तुळईला लागलेली कीडही वरून दिसत नाही. खाली भुसा पडू लागला म्हणजे घरातले वडीलधारे माणूस मान वर करून पाहते. संगणकाच्या जगात दोषाला ‘बग’, म्हणजे किडाच म्हणतात. हा शब्द संगणकाहूनही जुना आहे. एडिसनने १८७८ साली लिहिलेल्या एका पत्रात यंत्रांतल्या बारीकसारीक अडचणींना हेच नाव दिलेले आढळते. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या संगणकाच्या एका रिलेमध्ये खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला. तेथे काम करणाऱ्या मंडळींनी तो नोंदवहीच्या पानावर चिकटवला आणि किडा प्रत्यक्ष हाती लागल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची गमतीची नोंद त्याखाली केली. ती वही आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे.

तो पतंग सापडला, हे त्या मंडळींचे भाग्य. बहुतेक किड्यांना पंख नसतात, देहही नसतो. लाखो आज्ञांच्या रानात कुठेतरी एक ओळ तिरकी पडलेली असते आणि ती विशिष्ट वाऱ्याची झुळूक आल्याखेरीज हालतही नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्या आज्ञावलीतला किडा तर आणखीच अवघड. हिशेबाच्या आज्ञावलीत बेरीज चुकली तर ती कारकुनालाही कळते, कारण बरोबर उत्तर कसे काढायचे हे त्याला ठाऊक असते. बुद्धिबळाच्या पटावर बरोबर उत्तर कोणाला ठाऊक असते? यंत्राने एखादी विचित्र खेळी केली तर ते त्याचे अज्ञान म्हणावे, आज्ञावलीतला दोष म्हणावा, की आपल्या नजरेच्या टप्प्यापलीकडे पोहोचलेली त्याची दूरदृष्टी म्हणावी? बाहेरून तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. हत्ती एका घरातून दुसऱ्या घरात जातो, एवढेच पटावर घडते. त्या जाण्याला अर्थ देणारा माणूस पटाबाहेर बसलेला असतो.

३ मे १९९७ या दिवशी न्यूयॉर्कमधील एका उंच इमारतीच्या पस्तिसाव्या मजल्यावर असा माणूस बसला होता. गॅरी कास्पारोव्हचे वय तेव्हा चौतीस वर्षांचे होते आणि १९८५ पासून जगज्जेतेपद त्याच्याकडे होते. समोरच्या खुर्चीत बसलेला गृहस्थ केवळ हमाल होता. तो पडद्यावर उमटलेली खेळी पाहून मोहरे हलवी, घड्याळाची कळ दाबी आणि पुन्हा पडद्याकडे पाही. खरा प्रतिस्पर्धी बाजूच्या दालनात होता. आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ या संगणकात बुद्धिबळासाठी मुद्दाम घडवलेल्या ४८० चिप्स होत्या आणि तो एका सेकंदात सुमारे वीस कोटी स्थिती तपासू शके. आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया येथे याच यंत्राच्या आधीच्या आवृत्तीला कास्पारोव्हने ४-२ असे हरवले होते. मात्र त्या सामन्यातला पहिला डाव यंत्राने जिंकला होता आणि ती बोच त्याच्या मनात होती.

न्यूयॉर्कमधला पहिला डाव मात्र कास्पारोव्हने आपल्या मर्जीप्रमाणे खेळला. त्याची प्यादी शेवटच्या घरांकडे सरकत होती आणि काळ्या मोहऱ्यांचा बचाव कोसळत आला होता. अशा वेळी चव्वेचाळिसाव्या खेळीला यंत्राने आपला हत्ती उचलला आणि जेथे त्याला काहीच काम नव्हते अशा, पार पहिल्या ओळीवरच्या घरात नेऊन ठेवला. त्या चालीने कोणते प्यादे अडले नाही, कोणते मोहरे वाचले नाही, राजाला शह बसला नाही. कास्पारोव्हने आपले प्यादे आणखी एक घर पुढे टाकले, आता वजीर होण्यास एकच पायरी उरली, आणि यंत्राच्या वतीने डाव सोडण्यात आला.

जिंकणाऱ्याने एवढ्यावर समाधान मानून झोपी जावे. परंतु कास्पारोव्ह झोपी जाणाऱ्यांपैकी नव्हता. हत्तीची ती चाल कशासाठी? त्या रात्री तो आणि त्याचे सहकारी हा प्रश्न घेऊन बसले. हत्तीच्या दुसऱ्या, अधिक स्वाभाविक वाटणाऱ्या चाली तपासल्या तर त्यांतही हार होतीच. पण ती फार दूर, वीसहून अधिक खेळ्यांच्या पलीकडे होती. मग एक अर्थ आपोआप पुढे आला. यंत्राला ती दूरची मात दिसली असली पाहिजे. आता कसेही खेळले तरी हार अटळ, हे जाणूनच त्याने हत्ती वाटेल तेथे टाकला असला पाहिजे. हा अर्थ मोठा तर्कशुद्ध होता आणि तितकाच भयंकरही होता. जो प्रतिस्पर्धी एवढ्या दूरचे पाहतो, त्याच्याशी अजून पाच डाव खेळायचे होते.

त्याच सुमारास दुसरीकडे काही माणसे याच खेळीचा शोध वेगळ्याच दिशेने घेत होती. फेंग-श्युंग श्यू, मरे कॅम्पबेल आणि जो होन हे यंत्राचे कर्ते. त्यांना त्या हत्तीत प्रज्ञेची झाक दिसली नाही. त्यांना भुसा दिसला. असला दोष त्यांनी त्याच वर्षी पूर्वी एकदा पाहिला होता आणि दुरुस्तही केला होता. पण एक फट बुजवायची राहून गेली होती. विशिष्ट परिस्थितीत यंत्राचा विचार कोणत्याच खेळीवर न ठरता संपे, आणि घड्याळ तर चालू असे. अशा वेळी खेळ अडून राहू नये म्हणून योजलेल्या मार्गाने ते कायद्यात बसणारी कुठलीतरी एक खेळी करून मोकळे होई. हत्ती गेला तो असा. त्याच्या जाण्यामागे वीस खेळ्यांची दूरदृष्टी तर नव्हतीच, पण एका खेळीचाही विचार नव्हता. दुसऱ्या दिवशी ती फट बुजवण्यात आली. श्यूने २००२ साली या यंत्राविषयी पुस्तक लिहिले आणि २०१२ साली नेट सिल्व्हर या लेखकाच्या पुस्तकात कॅम्पबेलने सांगितलेली हकीकत आली. त्यानंतर ही गोष्ट सर्वतोमुखी झाली. तोवर कास्पारोव्हच्या चमूने लावलेला अर्थच पुष्कळांना खरा वाटत होता.

एकाच खेळीचा शोध दोन ठिकाणी चालू होता. एका ठिकाणी हेतू शोधला जात होता आणि दुसऱ्या ठिकाणी दोष. या दोन शोधांत बुद्धीचा कस सारखाच लागतो, पण त्यांचे धर्म निराळे आहेत.

आज्ञावली लिहिणाऱ्याचा धर्म ‘चूक माझी असावी’ येथून सुरू होतो. बुद्धिबळाची नवी आज्ञावली लिहिली की तो प्रथम तिला खेळायला बसवत नाही, मोजायला बसवतो. डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० चाली उपलब्ध असतात. काळ्याचे एकेक उत्तर धरले की ४०० वाटा होतात. तिसऱ्या पावलाला त्या ८,९०२ होतात, चौथ्याला १,९७,२८१ आणि पाचव्याला ४८,६५,६०९. हे आकडे जगभर ठरलेले आहेत. आपल्या आज्ञावलीने पाचव्या पावलाला एक जरी वाट कमी किंवा अधिक मोजली, तरी कुठेतरी किडा आहे हे निश्चित. मग तो पहिल्या वीस फांद्यांचे आकडे वेगवेगळे काढून पाहतो, ज्या फांदीचा आकडा जुळत नाही तिच्यावर चढतो, तिच्या डहाळ्या मोजतो आणि असे करत करत अखेर एका पानापाशी पोहोचतो. बहुधा तेथे खेळातला एखादा अपवाद दडलेला असतो: दोन घरे चाललेल्या प्याद्याला वाटेतच मारण्याचा नियम, राजाला कोटात नेताना मधल्या घरावर शह नसण्याची अट, किंवा शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर न करता घोडा करण्याची मुभा. अपवादांच्या कोपऱ्यांतच किड्यांची वस्ती असते, हे या व्यवसायातले अनुभवाचे बोल आहेत.

परंतु ही मोजणी झाली केवळ खेळाच्या कायद्याची. शहाणपणाची मोजणी कशी करावी? आणि ज्या यंत्रात शेकडो चिप्स एकाच वेळी काम करतात, तेथे तर आणखी एक पंचाईत असते. कोणत्या चिपचे काम क्षणभर आधी संपले आणि कोणत्या चिपचे नंतर, यावर पुढचा शोध कोणत्या फांदीवर जाईल हे ठरते. त्यामुळे तीच स्थिती, तोच वेळ देऊन पुन्हा विचारले तरी यंत्र तेच उत्तर देईल असे नाही. साक्षीदार दर वेळी थोडी वेगळी साक्ष देतो. पण म्हणून तो खोटे बोलतो असे नाही. अशा तपासात आधार उरतो तो नोंदींचा. यंत्राने कोणत्या क्षणी कोणत्या खेळीला किती मूल्य दिले, ते केव्हा बदलले, याच्या ओळींमागून ओळी. रात्ररात्र त्या वाचायच्या आणि प्रत्येक ओळीला विचारायचे की तू येथे का आहेस.

खेळाडूचा धर्म याच्या अगदी उलटा. त्याला लहानपणापासून शिकवलेले असते की समोरच्याची कोणतीही खेळी उगाच नसते. घोडा मागे गेला तर का गेला? प्यादे फुकट दिले तर कशासाठी? हा प्रश्न जो विचारत नाही तो लवकर हरतो. जो सर्वांत खोल विचारतो तो जगज्जेता होतो. कास्पारोव्हने हा प्रश्न आयुष्यभर इतरांपेक्षा अधिक खोल विचारला होता. त्यामुळे ज्या खेळीला हेतूच नव्हता तिच्यातही त्याला हेतू सापडला. विहिरीचा तळ नाही असे समजून पोहणारा मनुष्य जसा गुडघाभर पाण्यातही हातपाय मारतो, तसे काहीसे हे झाले. त्या रात्रीच्या अर्थाने त्याचे पुढचे डाव किती बिघडवले, याविषयी मतभेद आहेत. परंतु यंत्राविषयीचे त्याचे वागणे पुढच्या चोवीस तासांत कसे पालटले, हे पटावर नोंदलेले आहे.

४ मे रोजी दुसरा डाव झाला. स्पॅनिश पद्धतीच्या त्या डावात यंत्र पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होते. छत्तिसाव्या खेळीला त्याला वजीर आत घुसवून प्यादी टिपण्याची संधी होती. संगणक हावरे असतात, समोरचे प्यादे सोडत नाहीत, असा तोवरचा अनुभव होता आणि कास्पारोव्हने त्या हावेवरच आपला प्रतिहल्ला बेतला होता. यंत्राने प्यादी टिपली नाहीत. त्याने शांतपणे प्याद्यांची अदलाबदल केली आणि पुढच्याच खेळीला उंट पटाच्या मध्यावर आणून काळ्याच्या सगळ्या वाटा बंद केल्या. अशी संयमी खेळी यंत्राची असूच शकत नाही, असे कास्पारोव्हला वाटले. किडा आता पुरता आत शिरला होता. या यंत्रामागे कोणी माणूस तर बसलेला नाही ना? पत्रकारांशी बोलताना त्याने १९८६ सालच्या विश्वचषकातल्या माराडोनाच्या त्या प्रसिद्ध गोलाची, देवाच्या हाताची, आठवण काढली. त्याने यंत्राच्या नोंदी मागितल्या.

त्याच डावात याहून विलक्षण गोष्ट घडली होती. पंचेचाळिसाव्या खेळीनंतर कास्पारोव्हने डाव सोडून दिला. दुसऱ्या दिवशी उघडकीस आले की त्या स्थितीत काळ्याच्या वजिराला पांढऱ्या राजावर एकसारखे शह देत राहण्याची वाट होती आणि डाव बरोबरीत सुटला असता. ती वाट यंत्राच्या नजरेतून निसटली होती, कारण ती फार खोल होती. कास्पारोव्हने ती धुंडाळलीच नाही. यंत्राने एवढी उघडी वाट ठेवली नसणार, असे त्याने गृहीत धरले. ज्या यंत्रात माणूस लपला असल्याचा त्याला संशय येत होता, त्याच यंत्राच्या गणितावर त्याने त्या क्षणी डोळे मिटून विश्वास टाकला. संशय आणि श्रद्धा या दोन टोकांच्या गोष्टी आपण समजतो. त्या दुपारी एकाच माणसाच्या मनात त्या शेजारीशेजारी बसल्या होत्या आणि दोघींचा जन्म एकाच ठिकाणी झालेला होता: समोर काय आहे हे माहीत नसण्यात.

नंतरचे तीन डाव बरोबरीत सुटले. ११ मे रोजी सहाव्या डावात यंत्राने आठव्या खेळीला घोड्याचा बळी दिला आणि एकोणीस खेळ्यांत डाव आटोपला. सामना ३½-२½ असा यंत्राने जिंकला. पुन्हा सामना झाला नाही. यंत्र मोडून ठेवण्यात आले. नोंदी कालांतराने सर्वांसाठी खुल्या झाल्या. त्यांत दिसते ते असे की दुसऱ्या डावातल्या छत्तिसाव्या खेळीला यंत्र आधी वजिराच्या चालीकडेच झुकलेले होते. शोध जसजसा खोल गेला तसतसे त्या चालीचे मूल्य घसरले. यंत्राने जादा वेळ घेतला आणि खेळी बदलली. देवाचा हात कुठे दिसला नाही. दिसला तो मूल्यांचा एक उतरता स्तंभ.

या कथेचे एक भावंड आहे. ते वयाने बरेच थोरले, आणि त्यात सगळे उलटे आहे.

अ‍ॅलन ट्यूरिंगने १९४८ च्या सुमारास डेव्हिड चँपरनौन या मित्राच्या साहाय्याने बुद्धिबळ खेळण्याची एक आज्ञावली रचली. ती चालवू शकेल असे यंत्र हाताशी नव्हते. म्हणून १९५२ साली मँचेस्टरमध्ये अ‍ॅलिक ग्लेनी या तरुण सहकाऱ्याशी खेळताना ट्यूरिंग स्वतःच यंत्र झाला. कागद-पेन्सिल घेऊन तो आपल्याच नियमांप्रमाणे प्रत्येक चालीचा हिशेब करी आणि जे उत्तर येईल ते निमूटपणे खेळे. एका खेळीला अर्धा-अर्धा तास लागे. नियम साधे होते. प्याद्याची किंमत १, घोड्याची ३, उंटाची ३½, हत्तीची ५ आणि वजिराची १०. मोहऱ्याला जितकी घरे मोकळी, त्या संख्येचे वर्गमूळ त्याच्या खात्यावर जमा. प्यादे जितक्या ओळी पुढे सरकेल, त्या प्रत्येक ओळीला ०.२ जमा. राजाच्या जागी वजीर आहे असे कल्पून त्याला जितकी घरे मोकळी मिळतील, त्यांचे वर्गमूळ मात्र वजा, कारण राजा जितका उघडा तितका धोका अधिक. एकोणतिसाव्या खेळीला यंत्राचा, म्हणजे ट्यूरिंगचा, वजीर सापडला आणि डाव ग्लेनीने जिंकला. तो डाव, नियमांसह, १९५३ साली एका ग्रंथात छापला गेला. पुढच्याच वर्षी, ७ जून १९५४ रोजी, ट्यूरिंग गेला.

अर्धशतक उलटल्यावर चेसबेस या संस्थेतल्या मंडळींनी त्या छापील नियमांवरून ती आज्ञावली खऱ्या संगणकावर उभी केली. आता जुना डाव तिच्यासमोर मांडला की तिने ट्यूरिंगच्याच खेळ्या खेळायला हव्यात, एवढी साधी परीक्षा होती. ती खेळेना. एका ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी तिची खेळी वेगळी येई. साहजिकच त्यांनी आपल्या व्यवसायाच्या धर्माप्रमाणे स्वतःला दोष दिला. नियम पुन्हा वाचले, ओळ न् ओळ तपासली. किडा सापडेना. अखेर त्यांनी डोनाल्ड मिचीला विचारले. युद्धकाळात तो ट्यूरिंगबरोबर ब्लेचली पार्कमध्ये होता आणि दोघांनी बुद्धिबळाविषयी पुष्कळ खल केलेला होता. त्याचा सल्ला असा की दोष आज्ञावलीत शोधू नका, ट्यूरिंगमध्ये शोधा.

पहिल्याच खेळीचा हिशेब कोणालाही करून पाहता येतो. ट्यूरिंगने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि त्यापुढे ४.२ असा लाभ मांडला. तो आकडा त्याच्या नियमांप्रमाणे बरोबर आहे. पण तेच प्यादे एकच घर टाकले तर? वजीर, उंट, घोडा यांना तितक्याच वाटा मोकळ्या होतात. प्यादे एक ओळ कमी सरकल्याने ०.२ गमावतात; उलट राजासमोर दोनऐवजी एकच घर उघडे राहिल्याने २ च्या वर्गमुळाऐवजी १ वजा होतो, म्हणजे सुमारे ०.४ वाचतात. एका घराची चाल ०.२ ने सरस ठरते. नियम पाळणारे यंत्र तीच खेळी करणार. आपल्याकडच्या जुन्या देशी डावातही प्यादे पहिल्या खेळीला एकच घर चाले. पण ट्यूरिंग वाढला तो दोन घरांच्या सवयीत. त्याने एका घराचा हिशेब केलाच नसेल का? की राजासमोरचे प्यादे दोन घरे टाकायचे असते हे हाताला इतके ठाऊक होते की हिशेबाआधी हातच पुढे गेला? कागदावर याचे उत्तर नाही. कागदावर आहे ती फक्त एक खेळी, आणि ती यंत्राची नाही, माणसाची आहे.

२५ जून २०१२ रोजी, ट्यूरिंगच्या जन्मशताब्दीनिमित्त मँचेस्टरमध्ये भरलेल्या परिषदेत ती आज्ञावली अखेर एका माणसाविरुद्ध खेळली. तिने नियमाप्रमाणे प्यादे एकच घर पुढे टाकले आणि सोळाव्या खेळीला तिच्यावर मात झाली. समोर बसलेला माणूस होता गॅरी कास्पारोव्ह.

पंधरा वर्षांपूर्वी यंत्रात माणूस लपला असल्याचा ज्याला संशय आला होता, तोच आता अशा यंत्रासमोर बसला होता की ज्याच्या पहिल्या डावात खरोखरच एक माणूस लपलेला होता. त्या माणसाने यंत्र होण्याची शिकस्त केली. अर्धा-अर्धा तास तो स्वतःची बुद्धी बाजूला ठेवून वर्गमुळे काढत बसला. तरी त्याचे माणूसपण फटीफटींतून बाहेर आलेच, आणि अर्धशतक उलटल्यावर ते सापडले ते किडा म्हणून. न्यूयॉर्कमध्ये याच्या नेमके उलट झाले. तेथे यंत्राची एक निर्बुद्ध चूक माणसाला बुद्धीची परमावधी वाटली.

चूक ही एकच गोष्ट असते. तिला कोणत्या खात्यात टाकायचे हे आपण ठरवतो. जिच्याविषयी आदर आहे तिची चूक गूढ वाटते. जिच्याविषयी भीती आहे तिची चूक कारस्थान वाटते. ज्याला आपण स्वतः घडवले त्याची चूक तेवढी चूक दिसते, आणि म्हणूनच ती दुरुस्त होते. श्यू आणि त्याच्या साथीदारांना आपल्या यंत्राचे भय नव्हते, त्यामुळे त्यांना एका रात्रीत किडा सापडला. कास्पारोव्हला आपल्या मनातल्या किड्यापर्यंत पोहोचायला वीस वर्षे लागली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने ते सगळे डाव नव्या, कितीतरी बलवान आज्ञावल्या हाताशी घेऊन पुन्हा तपासले. यंत्राविषयीचे आपले जुने आरोप त्याने त्यात बरेचसे मवाळ केले आणि त्या दिवसांत आपण स्वतः किती वाईट खेळलो हे मोकळेपणाने मांडले. जगज्जेत्याला ‘चूक माझी असावी’ येथून आरंभ करणे सोपे नसते. त्याचे सारे वैभव उलट्या आरंभावर उभे असते. हरलेल्या सामन्याकडे त्याने पुन्हा वळून, आज्ञावली लिहिणाऱ्याच्या चिकाटीने, ओळ न् ओळ पाहिले, ही त्याची त्या सामन्यातली सर्वांत उशिरा आलेली आणि कदाचित सर्वांत चांगली खेळी होती.

डीप ब्लूच्या दोन मोठ्या कपाटांपैकी एक कॅलिफोर्नियातल्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात गेले. दुसरे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयाकडे आले. ज्या संग्रहात हार्वर्डचा तो पतंग नोंदवहीच्या पानाला चिकटून बसला आहे, त्याच संग्रहात. पतंगाचे पंख पिवळट पडले असतील. कपाटातल्या चिप्स मुक्या आहेत. त्या हत्तीला कुठे जायचे होते, हे त्यांना तेव्हाही ठाऊक नव्हते.